खालच्या ओळीतली ओगराळी

बाईंचा आवाज आधी यायचा, बाई मागून. त्यांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत नारळाच्या करवंट्या असायच्या आणि टेकाड चढताना त्या एकमेकींवर आपटायच्या. विक्रोळीच्या टेकाडावर आमची बैठी चाळ. वरची ओळ आणि खालची ओळ, मध्ये गटार, गटारावर टाकलेल्या फरश्या. खडखड फरशीपर्यंत आली की सासूबाई म्हणायच्या, "आली बघ तुझी करवंटीवाली. पदर नीट कर."

बाई एका कॉलेजात आरोग्याचा विषय शिकवायच्या. पन्नाशीच्या आतबाहेर. लग्न केलेलं नव्हतं. केस पुरुषासारखे बारीक कापलेले. दोन वर्षं थायलंडच्या एका विद्यापीठात शिकून आल्या होत्या आणि मोठ्या पदवीसाठी त्याच विद्यापीठाचा एक अभ्यास इकडे करत होत्या. मला हे सगळं नंतर कळलं. पहिल्या दिवशी मला एवढंच दिसलं की इतकी शिकलेली बाई दारात चपला काढून, दोन्ही हात नाकापर्यंत जोडून आमच्या सासूबाईंना वाकून नमस्कार करते आहे. सासूबाई घाबरून उठून उभ्या राहिल्या. बाई गेल्यावर म्हणाल्या, "मी काय देव हाय व्हय गं? का काय मागायला आली हुती?"

बाई सगळ्यांनाच तसा नमस्कार करायच्या. रेशनवाल्याला, गटार काढायला येणाऱ्यालासुद्धा. तिकडची सवय, म्हणायच्या. लहान मुलाच्या डोक्याला कधी हात लावायच्या नाहीत. तिकडे डोकं म्हणजे माणसाची सगळ्यात पवित्र जागा, ती परक्यानं शिवायची नसते. आमच्या शेजारच्या आजीनं नातवाला पुढे करून म्हटलं, "बाई, शिकल्यासवरल्याचा हात ठेवा पोराच्या डोक्यावर." तर बाईंनी वाकून त्या पोराच्या पावलांना हात लावला. आजी महिनाभर सांगत होती, पोर मोठं होऊन साहेब होणार.

आमच्या ओळीत बुद्धाला मानणारी घरं जास्त. थायलंडात सगळा देशच बुद्धाचा, हे बाईंकडून कळल्यापासून त्यांचा मान वाढला होता. सासूबाई विचारायच्या, "तिकडं हापिसात बी आपलाच फोटू?" बाई म्हणायच्या, "विद्यापीठाच्या दारातच मोठी मूर्ती आहे आजी. परीक्षेच्या दिवशी मुलं फुलं ठेवतात." त्यावर सासूबाई, "मंग पास हुत्यात का?" बाई खो खो हसायच्या. हसताना तोंडावर हात धरायच्या, तेही तिकडचंच.

त्यांच्या पिशवीत एक बाटली असायची. माशाचं खारं पाणी. ते त्या पोह्यांवरसुद्धा घालायच्या. खालच्या ओळीतली वैजू मालवणची, माझी मैत्रीण. तिनं एकदा बाटलीचा वास घेतला आणि म्हणाली, "ह्या काय गो बाय, सुकटीचा पाणी? आमी ह्या टाकून देतो, आणि बाई इमानातसून घेऊन इली!"

मी चौथीपर्यंत शिकले. अक्षर बरं आहे. पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला शब्दच सुचत नाहीत, ते लहानपणापासून. चाळीतल्या हळदीकुंकवाला मी भिंतीकडेला बसायची. मग बाईंनी माझी निवड कशी केली, ते सांगायला हवं.

त्या पहिले काही आठवडे नुसत्या घरोघर फिरल्या. सगळ्यांना एकच विचारायच्या, "पोराला बरं नसलं की दवाखान्यात जायच्या आधी कुणाकडे जाता?" प्रत्येक घरासाठी त्या कागदावर एक वर्तुळ काढायच्या आणि ज्याचं नाव येईल त्या घराकडे रेघ ओढायच्या. एक दिवस तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. सगळीकडून रेघा येऊन एका वर्तुळावर गर्दी झाली होती.

"हे कुणाचं घर?" मी विचारलं.

"तुझं."

मला वाटलं थट्टा करताहेत. मी म्हटलं, "बाई, मी तर कुणाशी बोलतच नाही."

"म्हणून तर. तू बोलत नाहीस, तू ऐकतेस. तिकडे विद्यापीठातली माणसं खेड्यात गेली की बाहेरून कुणाला आणत नाहीत. अशा रेघा काढतात आणि गावातलीच एक बाई शोधतात. पुस्तकं नंतर."

मग त्यांनी मला पलंगावर बसवलं आणि स्वतः खाली फरशीवर बसल्या. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बस. या चाळीचं मला काही माहीत नाही, तू शिकवणार आहेस. तिकडे शिकवणाऱ्याला आजान म्हणतात, आणि आजानपेक्षा आपलं डोकं उंच ठेवायचं नसतं." त्या दिवसापासून मला त्या कधीकधी आजान म्हणायच्या. त्यांच्या स्वतःच्या आजान बँकॉकमध्ये होत्या, त्यांची पत्रं यायची. त्यांच्याबद्दल ज्या आवाजात बोलायच्या, त्याच आवाजात मला हाक मारायच्या. मला लाज वाटायची. आणि खरं लिहायचं तर, आवडायचंही.

करवंट्यांचं काम असं होतं. आमच्याकडे नळाला सकाळी पाणी यायचं, ते पिंपात, हंड्यात भरून ठेवायचं आणि दिवसभर त्यात पेला बुडवून प्यायचं. पेल्याबरोबर बोटं बुडायची. ती बोटं कुठून कुठून आलेली असायची. पोरांना जुलाब व्हायचे, पावसाळ्यात तर घराआड एक पोर आडवं. थायलंडच्या खेड्यांत बाईंनी पाहिलं होतं की घराबाहेर पाण्याचा रांजण असतो आणि त्यावर लांब दांड्याचं करवंटीचं ओगराळं टांगलेलं असतं. हात पाण्याला लागत नाही. ते आपल्याकडे आणलं तर जुलाब कमी होतील का, एवढंच त्यांना तपासायचं होतं.

ओगराळी त्या स्वतः करायच्या. खानावळीतून करवंट्या मागून आणायच्या, घासायच्या, भोक पाडून बांबूची काठी बसवायच्या. बोटांना नेहमी चिकटपट्ट्या. सासूबाईंनी आधी घरात घ्यायला नकार दिला. "करवंटी भिकाऱ्याच्या हातात असती. माझ्या पिंपावर नगं." बाई त्यांच्यासमोर बसल्या आणि त्या ओगराळ्यानं पाणी घेऊन आधी स्वतः प्यायल्या. म्हणाल्या, "आजी, मग मी पहिली भिकारीण." सासूबाईंनी खिळा ठोकू दिला.

आमच्या वरच्या ओळीत सगळ्यांना ओगराळी मिळाली. खालच्या ओळीत एकही नाही. मला हे कळेना. बाईंनी समजावलं, "समज, तू दोन पातेल्यांत भात टाकलास आणि दोन्हीत मीठ घातलंस. चव आली ती मिठामुळे की तांदूळच चांगला, कसं सांगशील? एकात घालायचं, एक तसंच ठेवायचं. सहा महिने. मग मी स्वतः खालच्या ओळीत घरोघर देईन. तोवर तिकडे एक शब्द नाही. कबूल?"

मी मान हलवली.

"फरक दिसला की विद्यापीठ मानेल. मग मी कागद घेऊन पालिकेत जाईन. मग विक्रोळीच काय, सगळ्या चाळींत." हे सांगताना त्यांनी माझा हात धरला होता. चिकटपट्ट्यांचा खरखरीत हात.

त्यांनी मला एक लांबट वही दिली. दर आठवड्याला प्रत्येक घरी जायचं आणि रकाने भरायचे. घरात लहान मुलं किती. जुलाब झाले का. किती दिवस. शेवटचा रकाना, ओगराळं. वरच्या ओळीला 'आहे' लिहायचं, खालच्या ओळीला 'नाही'.

वैजू एक दिवस गिरणीतून दळण घेऊन जाताना माझ्याकडे टेकली. तिची नजर खिळ्यावर गेली.

"अगो, ह्यो तर आमचो दवलो! आमच्या गावाक घराघरात असता. खय गावलो तुका?"

मी सांगितलं. कशासाठी आहे, तेही सांगितलं. तेवढं सांगितलं की पुढचं विचारलं जाणारच होतं.

"मगे माका कित्या नाय दिल्यान?"

"सहा महिन्यांनी देणार आहेत."

वैजूनं डबा मांडीवर ओढून घेतला. मग दळणाच्या डब्याकडे बघत म्हणाली, "माझो पयलो आठ म्हयन्यांचो होतो गो."

तिचा पहिला मुलगा जुलाबानंच गेला होता. तो गेला तेव्हा मी तिच्या घरात होते. दुसरा तेव्हा नुकताच रांगायला लागला होता, दिसेल ते तोंडात घालायचा. मी उठले, खिळ्यावरचं ओगराळं काढलं आणि तिच्या डब्यात पिठावर आडवं ठेवलं. झाकण बसेना. तिनं पदरानं झाकलं. बाईंना मी सांगितलं की आमचं तुटलं, आणि त्यांनी दुसरं दिलं. त्यांच्याशी बोललेलं माझं पहिलं खोटं ते.

पुढच्या आठवड्यात वैजूच्या शेजारणीच्या पिंपावर एक दवला होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी तीन. "मी कोणाक सांगूक नाय," वैजू शपथेवर म्हणाली. "त्येंनी बघल्यानी." खालच्या ओळीत कोकणातली घरं, रोज नारळ फुटणारा. त्यांना शिकवायला कुणी लागलंच नाही. दोन महिन्यांत सगळ्या ओळीत दवले झाले, आणि बाईंच्या ओगराळ्यांपेक्षा चांगले, घोटून गुळगुळीत केलेले.

मी वहीत 'नाही' लिहीत राहिले.

बाई दर गुरुवारी यायच्या. त्यांना खालच्या ओळीत दवले दिसले असते तर माझी वही खोटी पडली असती, हे सगळ्या बायकांना माहीत होतं. त्या मला सांभाळून घेत होत्या. करवंट्यांची खडखड टेकाडाखाली ऐकू आली की एकीची दुसरीला हाक, "इली गो, इली!" आणि सगळे दवले खिळ्यांवरून उतरायचे. कुणाचा तांदळाच्या डब्यात, कुणाचा गोधडीखाली. एकीनं तर पाळण्यात पोराखाली सरकवला आणि पोर किंचाळायला लागलं. बाई काळजीनं वाकून बघताहेत, ती म्हणते, "पोटात दुखतंय त्याच्या," आणि मी वही छातीशी धरून उभी.

एकदा एका घरात कॅलेंडरमागून दांडा बाहेर दिसत होता. बाईंनी बोट दाखवलं. "हे काय?"

"आमटीचा डाव," ती बाई म्हणाली.

"एवढा लांब?"

"आमच्यात माणसा लय असतत ना."

बाई हसल्या, तोंडावर हात धरून. आम्ही सगळ्या हसलो. तेव्हा गंमत वाटली होती. त्या दांड्याला बाईंनी हात घालून ओढलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

सहा महिने झाले तेव्हा बाई चौकटीचौकटीचा मोठा कागद घेऊन माझ्या घरी आल्या. मी पलंगावर, त्या खाली. त्यांनी माझी वही उघडून ठेवली. वरच्या ओळीची रेघ लाल पेन्सिलीनं, खालच्या ओळीची निळ्या. मी एकेक आकडा वाचायची, त्या टिंब द्यायच्या. टिंबं जोडायला लागल्या तशी लाल रेघ हळूहळू खाली आली. बाईंचा चेहरा फुलला. "बघ आजान, बघ." मग निळी जोडायला घेतली. निळीही खाली आली. लालच्या शेजारून, जोडीनं चालावं तशी.

बाईंनी निळी टिंबं एकेक करून पुन्हा वहीशी ताडून बघितली. मी स्टोव्हला पंप मारायला लागले, कारण काहीतरी करायला हवं होतं.

"असं कसं गं?" त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे तर काहीच नाही. तू वही नीट भरलीस ना?"

"हो."

"तू भरलीस म्हणजे नीटच असणार. तुझ्या वहीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवते." हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. खरंच तसं होतं.

त्यांनी सगळं बँकॉकला पाठवलं. महिन्याभरानं त्यांच्या आजानचं पत्र आलं. बाईंनी ते मला मराठीत करून सांगितलं. दोन्ही ओळींत आजार कमी झाला, ही आनंदाची गोष्ट आहे, पण त्याचं श्रेय ओगराळ्याला देता येत नाही. कदाचित पाणीच सुधारलं असेल, कदाचित दर आठवड्याला कुणी चौकशी करतं म्हणून बायका जपायला लागल्या असतील. ओगराळ्यानं काही होत नाही, असंच लिहावं लागेल.

मी तेव्हा काय केलं? मी म्हटलं, "बाई, निळी रेघ थोडी वर काढली तर? कोण बघायला येणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या नाहीत. "आजान, तू असं म्हणतेस?" एवढंच. मग पत्राची घडी घालत म्हणाल्या, "माझ्या मनात आलं म्हणून ते खरं होत नाही ना गं. मी लोकांना विचारायला आले होते, लोकांनी उत्तर दिलं. आवडलं नाही म्हणून उत्तर बदलायचं, हे शिकणं नाही."

त्यांना वाटत होतं लोकांनी उत्तर दिलं. लोकांनी दिलंच होतं. मी ते वहीत येऊ दिलं नव्हतं.

खालच्या ओळीला ओगराळी द्यायचं वचन त्यांनी पाळलं नाही. घरोघर जाऊन माफी मागितली. "जे उपयोगाचं नाही ते तुमच्या गळ्यात कशाला मारू?" म्हणाल्या. वैजूच्या दारात हे बोलताना वैजूचा मुलगा त्यांच्या पायाशी उभा होता, धरून धरून चालायला लागला होता. अख्ख्या पावसाळ्यात तो आडवा पडला नव्हता. वैजूनं माझ्याकडे असं बघितलं की मला मान वर करवेना.

बाई गेल्यावर ती म्हणाली, "सांग तिका. तू नाय सांगलंस तर मी सांगतंय."

"मी सांगते. तू नको. मी सांगते," मी म्हटलं. तिनं ऐकलं, कारण मी कधी कुणाला काही कबूल करून मोडत नाही अशी माझी ख्याती होती.

पुढच्या गुरुवारी खडखड आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी रोज मनात वाक्यं जुळवत होते. कॉलेजचा पत्ता माझ्याकडे होता, पोस्टकार्डही आणून ठेवलं होतं. 'बाईंना नमस्कार' एवढं लिहिलं आणि पुढे सरकले नाही. खरं सांगितलं तर बाई ओरडणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. भीती त्याची नव्हती. मला आजान म्हणणारं माणूस जगात एकच होतं.

वर्ष उलटून गेलं असेल. कॉलेजची नोकरी सोडून बाई दहिसरला बहिणीकडे राहायला गेल्याचं कळलं. वैजूच मागे लागली. "जा गो. जाऊन ये एकदा. मनावरचा उतरात." मी ह्यांना सांगून निघाले. पिशवीत वैजूनं केलेला एक दवला घेतला. त्याच्याकडे बोट दाखवलं की पुढचं आपोआप बोलता येईल, असं ठरवलं होतं.

नदीजवळची जुनी चाळ होती. बाईंनी दार उघडलं, हात नाकापर्यंत जोडले. "या आजान!" केस तसेच, पण पांढरे झालेले. बोटांना एकही चिकटपट्टी नव्हती. मला खुर्चीवर बसवून स्वतः खाली बसल्या. सासूबाईंची चौकशी केली, चाळीतल्या एकेका पोराची नावानिशी चौकशी केली. वैजूचा मुलगा आता घरभर धावत असेल, असं त्यांनीच म्हटलं. मी पदवीचं विचारलं.

"सोडली. आजान म्हणाल्या होत्या दुसरा विषय घे. पण माझं मन त्याच ओगराळ्यात होतं. मन नाही तिथे अभ्यास काय करायचा?" त्या हसल्या. "जाऊ दे गं. तुला पाणी देते, उन्हातून आलीस."

कोपऱ्यात माठ होता. बाईंनी झाकण काढलं आणि पेला आत बुडवला. बोटं पाण्यात गेली, पेराच्या वरपर्यंत.

मी बघतच राहिले असणार. त्यांच्या लक्षात आलं. ओलं बोट पदराला पुसत त्या म्हणाल्या, "हे होय? आपण एवढं तपासून बघितलं ना. काही फरक पडत नाही, कागदावर आहे. मग उगीच स्वतःचं तेवढं खरं कशाला धरून बसू?"

पेला माझ्या हातात होता. पिशवी मांडीवर होती आणि दवल्याचा दांडा कापडातून माझ्या पोटाला लागत होता. मी पाणी प्यायले. सगळं प्यायले.

बाई दारापर्यंत पोचवायला आल्या. चपला घालताना मी उगीच वेळ लावला. त्यांनी मान तिरपी करून माझ्याकडे बघितलं, पूर्वी वही वाचताना मी अडखळले की बघायच्या तसं.

"एवढ्या लांब आलीस. काही सांगायचं होतं का गं?"

"नाही," मी म्हटलं.